खुर्ची मिळाली, पण माप कोणी घेतले?

तालुक्याच्या गावी साहित्यवाटपाचे शिबिर असले की चित्र ठरलेले असते. मांडव, व्यासपीठ, हारतुरे आणि बाजूला प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या नव्याकोऱ्या व्हीलचेअरची रांग. नाव पुकारले जाते, माणसाला उचलून खुर्चीत बसवले जाते, फोटो निघतो, खुर्ची टेम्पोत चढते. रहिमतपूर असो, कोरेगाव असो की पलीकडचे कडेगाव किंवा विटा, यात फारसा फरक नसतो. सहा महिन्यांनी त्याच घरात डोकावले तर अनेकदा ही खुर्ची घडी घालून सोप्याच्या कोपऱ्यात उभी दिसते. तिच्यावर टॉवेल वाळत असतो आणि ज्याच्या नावाने ती आली तो माणूस आतल्या खोलीत खाटेवरच असतो.

घरचे म्हणतात, त्याला सवयच होत नाही. शेजारी म्हणतात, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते. बहुतेक वेळा कारण याहून साधे असते. ती खुर्ची त्याच्या मापाची नसते आणि त्याच्या घराच्याही मापाची नसते.

डोळ्यांच्या शिबिरात सगळ्या गावाला एकाच नंबरचा चष्मा वाटला, तर लोक हसतील. प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो हे आता सर्वांना पटले आहे. व्हीलचेअरच्या बाबतीत मात्र आपण अजून एकाच नंबरवर अडकलो आहोत. अठरा इंची बैठक, लोखंडी सांगाडा, घडीची खुर्ची. सत्तर किलोच्या पुरुषालाही तीच आणि चाळीस किलोच्या आजीलाही तीच. व्हीलचेअर हे औषधासारखे मात्रा ठरवून, माप घेऊन द्यायचे साधन आहे, हे डॉक्टरांनी, अधिकाऱ्यांनी आणि घरच्यांनीही मान्य करायला हवे.

दवाखान्यातली खुर्ची घरात

खुर्च्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीची मागची चाके लहान, साधारण बारा इंची असतात. ती दुसऱ्याने ढकलायची. दुसरीची मागची चाके मोठी, चोवीस इंची असतात आणि चाकाच्या बाहेरून एक कडी असते. ही कडी हाताने पुढे लोटत बसलेला माणूस स्वतः खुर्ची चालवतो. लेख या दुसऱ्या, स्वतः चालवायच्या खुर्चीविषयी आहे. दोन्हींतला फरक नुसता चाकांचा नाही. तहान लागली की माठापर्यंत जायचे, कंटाळा आला की दारात येऊन रस्ता बघायचा, नको असेल तेव्हा आत वळायचे, हे कोणी ठरवायचे याचा तो फरक आहे.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या घडीच्या खुर्चीचे मूळ अमेरिकेत आहे. खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेले अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकात मोटारीत ठेवता येईल अशी, खाली फुलीचा आधार असलेली लोखंडी खुर्ची बनवली. पुढे हाच आराखडा जगभरच्या रुग्णालयांत पोहोचला. रुग्णालयाची गरज वेगळी असते. तिथे जाड-बारीक कोणताही रुग्ण त्यात मावला पाहिजे, वॉर्डबॉयने ढकलत दहा मिनिटांत एक्स-रेला नेला पाहिजे आणि खुर्चीने दणके सोसले पाहिजेत. म्हणून ती रुंद, जड आणि मजबूत. घरात मात्र माणूस तिच्यात दहा-दहा तास बसणार असतो आणि ढकलणारा तोच असतो. दहा मिनिटांसाठी केलेली वस्तू दहा तासांना पुरत नाही.

शिंप्याचा टेप आणि पाच मापे

माप घ्यायला मोठे यंत्र लागत नाही. शिंप्याचा टेप आणि बसायला कडक फळी पुरते. माणसाला सरळ बसवून पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, बैठकीची रुंदी. कमरेचा सर्वांत रुंद भाग मोजावा आणि त्यात जेमतेम एक इंच मिळवावा. बैठक ऐसपैस असली की माणूस एका बाजूला कलतो. महिनोन्‌महिने कलून बसल्याने पाठीचा कणा वाकडा होऊ लागतो. शिवाय चाके दूर गेल्याने हात बाहेर फाकवून कडी लोटावी लागते आणि खांदे भरून येतात. बैठक अरुंद असली तर मांडीच्या कडेला घासून जखमा होतात.

दुसरी, बैठकीची खोली. पाठ टेकवल्यावर गुडघ्याच्या मागची लवण आणि बैठकीची कड यांच्यामध्ये दोन-तीन बोटे अंतर हवे. बैठक जास्त खोल असेल तर पाठ टेकत नाही आणि माणूस हळूहळू पुढे घसरत माकडहाडावर बसतो. जखमांची सुरुवात बहुधा इथूनच होते.

तिसरी, पाय ठेवायच्या फळीची उंची. मांड्या बैठकीवर सपाट टेकल्या पाहिजेत. फळी वर असली की गुडघे वर उचलले जातात आणि सगळा भार बुडाच्या हाडांवर येतो. फळी खाली असली की पाय लोंबकळतात. फळी जमिनीपासून किमान दोन इंच वर नसेल, तर पहिल्याच खडबडीत जागी अडकून माणूस तोंडघशी पडू शकतो.

चौथी, पाठीची उंची. धडाचा तोल सांभाळता येणाऱ्याला पाठ खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत पुरते. तेवढ्याने हात मागे मोकळे फिरतात. ज्याला धड सावरता येत नाही, त्याला उंच आधार लागतो.

पाचवी, आणि सर्वांत दुर्लक्षित, मोठ्या चाकाची जागा. दोन्ही हात खाली सोडले की मधल्या बोटाचे टोक चाकाच्या मध्यावर, ॲक्सलपाशी यायला हवे. हात कडीच्या वरच्या बिंदूवर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडे जास्त उघडलेले, १०० ते १२० अंशांत असावे. चाक फार मागे असेल तर प्रत्येक लोटीला खांदा मागे ओढला जातो. खुर्चीवरच्या माणसाचे खांदे म्हणजेच त्याचे पाय. ते दुखावले की तो दुसऱ्यांदा अपंग होतो.

गादी ही चैन नाही

खुर्ची घेताना घासाघीस होते ती गादीवर. 'उशी टाकू की' म्हणून तो खर्च वाचवला जातो. ज्याला कमरेखाली संवेदना आहे, त्याचे कदाचित निभावेल. विहिरीवरून किंवा झाडावरून पडून मणक्याला इजा झालेल्या माणसाचे निभत नाही.

आपण बसलेले असतो तेव्हा शरीराचे बरेचसे वजन बुडाच्या दोन हाडांवर असते. तिथली कातडी आणि मांस हाड व बैठक यांच्यामध्ये दाबले जाते, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. निरोगी माणूस दर काही मिनिटांनी नकळत चुळबुळ करतो, त्यामुळे रक्त पुन्हा वाहते. संवेदना गेलेल्याला ही सूचनाच मिळत नाही. आधी लालसर डाग, मग फोड, मग आत खोल जाणारी जखम. ती हाडापर्यंत गेली, जंतुसंसर्ग रक्तात उतरला, की जीवावर बेतते. मणक्याच्या इजेतून वाचलेला माणूस काही वर्षांनी या जखमेने दगावतो, ही टाळता येणारी गोष्ट आहे.

म्हणून चांगल्या प्रतीच्या फोमची, बैठकीच्या मापाची, भार पसरवणारी गादी खुर्चीसोबतच यायला हवी. खाली हात घालून पाहावे. हाड थेट हाताला टोचत असेल, तर गादी बसली आहे असे समजून बदलावी. मध्ये भोक असलेली हवेची रिंग वापरू नये. तिच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून दोन मिनिटे भार हलका करायचा आणि रोज रात्री आरसा धरून किंवा घरच्यांकडून कातडी बघून घ्यायची, एवढे दोन नियम घरातल्या लहान मुलालाही सांगून ठेवावेत.

आजार पाहून खुर्ची

एकच खुर्ची सर्व आजारांना चालत नाही. अर्धांगवायू झालेल्याचा एक हात आणि एक पाय काम करत असतो. तो चांगल्या पायाने जमीन रेटत आणि चांगल्या हाताने कडी लोटत खुर्ची चालवू शकतो. पण त्यासाठी बैठक इतकी ठेंगणी हवी की पाऊल जमिनीवर सपाट टेकेल आणि त्या बाजूची पायफळी काढून ठेवता येईल. नेहमीच्या उंच खुर्चीत त्याचा पाय अधांतरी राहतो. दोन कड्या एकाच हाताने लोटता येत नाहीत म्हणून खुर्ची जागीच गोल फिरते आणि 'जमत नाही' असा शिक्का बसतो.

मधुमेहामुळे दोन्ही पाय काढावे लागलेल्या माणसाचे पुढचे वजन गेलेले असते. त्याच्या खुर्चीचे मोठे चाक थोडे मागे घ्यावे लागते, नाहीतर चढावर खुर्ची मागे उलटते. मागे लावायची उलटरोधक छोटी चाके त्याच्यासाठी आवश्यक आहेत. संधिवाताने बोटे आखडलेल्या बाईला गुळगुळीत कडी पकडता येत नाही. तिला जाड किंवा रबर चढवलेली कडी लागते. वाढत्या वयाच्या मुलाला मोठेपणी होईल म्हणून मोठी खुर्ची घेणे सर्वांत वाईट. त्याचा कणा त्याच वर्षांत घडत असतो. हृदयविकार, खूप कमी दिसणे किंवा विसरभोळेपणा असेल, तर स्वतः चालवायची खुर्ची झेपेल का, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

उंबरा, मोरी आणि गल्ली

माणसाचे माप झाले की घराचे माप. रहिमतपुरातल्या जुन्या पेठेतले घर डोळ्यांसमोर आणावे. रस्त्यालगत पायऱ्या, मग सोपा, लाकडी चौकट, उंच उंबरा, आत माजघर आणि टोकाला मोरी. खुर्चीची बाहेरची रुंदी साधारणपणे बैठकीपेक्षा आठ इंच जास्त असते. म्हणजे अठरा इंची बैठकीची खुर्ची सव्वीस इंचांची. दार सव्वादोन फूट, म्हणजे सत्तावीस इंच असेल, तर ती कशीबशी आत जाते आणि कडीवरच्या बोटांची सालटी चौकटीला राहतात. त्या माणसाला सोळा इंची बैठक पुरत असेल, तर तेच दार आरामात पार होते. दोन इंचांच्या फरकाने माणूस मोरीपर्यंत स्वतः पोहोचतो की नाही, हे ठरते.

उंबऱ्याचे गणित आणखी सोपे आहे. उतार एकास बाराचा हवा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या उंबऱ्याला सहा फूट उतार लागतो. दीड फुटाच्या पायऱ्यांना अठरा फूट लागतात आणि तेवढे अंगण नसेल तर उतार मध्ये सपाट जागा ठेवून वळवावा लागतो. घाईने टाकलेली फळी किंवा गवंड्याने केलेला उभा घसरगुंडीसारखा उतार दिसायला सोय वाटतो. त्यावरून एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची हातात राहत नाही.

बाहेरची वाट फरशीची नसते. आठवडी बाजाराकडे जाणारा रस्ता, गटारावरची फटी असलेली झाकणे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, मळ्याकडे जाणारी चिखलवाट. पुढची चाके छोटी व कडक असली की ती फटीत रुततात. गावात वावरायचे असेल तर पुढची चाके मोठी, रुंद आणि हवेची किंवा मऊ रबराची बरी. खडबडीत वाटेसाठी पुढे एकच मोठे चाक असलेल्या लांबट, तीनचाकी खुर्च्याही बनतात. मात्र त्या माजघरात वळत नाहीत. दिवस कुठे जातो, घरात की बाहेर, हे ठरवूनच निवड करावी.

वजनाचाही विचार हवा. लोखंडी घडीची खुर्ची १७ ते २० किलोंची असते. ती रोज लोटायची तर आहेच, शिवाय एसटीने किंवा रिक्षाने जाताना कोणीतरी उचलायचीही आहे. ॲल्युमिनियमची खुर्ची काही किलोंनी हलकी असते. आयआयटी मद्रासने २०२५ मध्ये पुढे आणलेली, वापरणाऱ्याच्या मापाने बनणारी खुर्ची तर सुमारे ९ किलोंची आहे. देशात हे होऊ शकते, एवढे यातून दिसते. किंमत मात्र अजून सामान्य घराच्या आवाक्यातली नाही.

शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. टायर-ट्यूब, तारा, बेअरिंग गावातल्या सायकलच्या दुकानात मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारावे. पुण्या-मुंबईहून सुटा भाग मागवावा लागणारी भारी खुर्ची पहिल्या बिघाडातच कोपऱ्यात जाते. ब्रेक सैल झालेली खुर्ची तर पलंगावरून खुर्चीत बसताना मागे सरकते आणि खुब्याचे हाड मोडते.

'काहीच नसण्यापेक्षा बरे'

यावर एक उत्तर हमखास मिळते. निधी मर्यादित, गरजू फार. मापे घेत बसलो तर निम्म्यांनाही मिळणार नाही. काहीच नसण्यापेक्षा कशी का होईना खुर्ची बरी.

हा युक्तिवाद खोटा नाही. जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि गरीब देशांत ती मिळणारे थोडेच. सरकारी खुर्च्या टाकाऊ असतात असेही नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कानपूरच्या अलिम्को या केंद्र सरकारच्या कारखान्याने लाखो लोकांना साधने पुरवली आहेत. ज्याच्या मापाची पडली त्याला अशी मजबूत खुर्ची वर्षानुवर्षे साथ देते. पण ज्याला कळच येत नाही अशा माणसाला गादीशिवाय, खोल बैठकीच्या खुर्चीत रोज आठ तास बसवणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. त्यातून झालेल्या एका जखमेला महिनोन्‌महिने ड्रेसिंग, प्रतिजैविके, कधी शस्त्रक्रिया लागते. घरातल्या एका कमावत्याची मजुरी बुडते. हा खर्च शिबिराच्या हिशेबात कधी धरला जात नाही, म्हणून एकच मापाची खुर्ची स्वस्त वाटते.

आणि माप घ्यायला पैसे लागतातच कुठे? साधने देण्याची केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे. तिच्या पूर्ण नावात खरेदीच्या जोडीला 'फिटिंग' हा शब्द आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना साधने मोफत देण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठी केंद्राची वयोश्री योजना २०१७ पासून चालू आहे. राज्यातल्या स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर पुरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२३ मध्ये ती सुधारताना सगळी प्रक्रिया चार पायऱ्यांत मांडली: निवड, जुळवणी, प्रशिक्षण, पाठपुरावा. आपल्याकडे पहिली पायरी अर्धवट होते आणि उरलेल्या तीन बहुधा होतच नाहीत.

साधनवाटपाआधी तपासणी शिबिर होते. तिथे आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, सगळे बारकाईने पाहिले जाते. त्याच टेबलाशेजारी एक फिजिओथेरपिस्ट टेप घेऊन बसला, तर माणशी दहा-पंधरा मिनिटांत कंबर, मांडी, पोटरी, पाठ आणि घराच्या सर्वांत अरुंद दाराची रुंदी अर्जावर लिहिली जाईल. दाराचे माप घरच्यांनी मोजून आणायला आधीच सांगता येते. मग पुरवठादाराकडे शंभर सारख्या खुर्च्यांऐवजी चौदा, सोळा, अठरा, वीस इंचांच्या आणि गादीसह अशी मागणी जाईल. नगरपालिकेच्या ५ टक्क्यांतून गादी बदलणे, उतार बांधून देणे आणि गावातल्याच एखाद्या सायकल मिस्त्रीला दुरुस्तीचे काम देणे शक्य आहे. वाटपानंतर तीन महिन्यांनी आशाताई इतर भेटींबरोबर त्या घरीही जाऊ शकतील. खुर्ची वापरात आहे का, कातडीवर डाग आहे का, ब्रेक लागतात का, तीनच प्रश्न. अहवालात 'किती वाटल्या' या रकान्याशेजारी 'किती वापरात आहेत' हा रकाना आला की बाकीच्या सुधारणा आपोआप होऊ लागतील.

योग्य खुर्ची माणसाला कुठे नेऊ शकते, याची उदाहरणे आपल्याच भागात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ऐन उमेदीत कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली आणि आत्मकथनाला नाव दिले 'चाकाची खुर्ची'. ही माणसे जिद्दीची होती, हे खरेच. पण प्रत्येक खाटेवरच्या माणसाकडे पदकाची अपेक्षा करायची गरज नाही. त्याला माठापर्यंत, मोरीपर्यंत आणि दारापर्यंत जाता आले तरी त्याचे आणि त्याच्या घराचे आयुष्य बदलते.

तोपर्यंत घरच्यांनी एवढे करावे. शिबिरात मिळणारी असो वा दुकानातली, माणसाला त्या खुर्चीत अर्धा तास बसवल्याशिवाय ती पसंत करू नये. त्याने स्वतः ती दहा पावले पुढे, दहा पावले मागे नेऊन वळवून दाखवावी. घरी येताच कातडी पाहावी. माप चुकले असेल तर संकोच न करता बदलून मागावी. दुकानातून आणलेला सदरा घट्ट झाला तर आपण तो परत करतोच. इथे तर माणसाला दिवसभर बसायचे आहे.